चार नळ्यांचा जमाव

टाळेबंदीच्या तिसऱ्या महिन्यात वेपुखुलु म्हाताऱ्याला एकटेपणा अगदी असह्य झाला. भरदुपारी त्याने नाचणीच्या बिअरचा माठ अंगणात मांडला, गरम पाणी ओतलं आणि रीतीप्रमाणे प्यायच्या चार लांब नळ्या, एक स्वतःची आणि तीन दोस्तांच्या, त्यात सोडल्या. माठात एकच नळी म्हणजे आजाऱ्याचं औषध! मग तो माठाभोवतीच्या चारही स्टुलांवर आळीपाळीने बसला आणि ज्याचं स्टूल त्याच्या वतीने प्यायला, बोललासुद्धा.

"नांदाला, सगळी तूच संपवणार का रे!" तो ओरडला, आणि कुंपणावर हवालदार वाब्विरेचं डोकं उगवलं.

"बाकीचे तिघं कुठं पळाले?"

"कुठले तिघं? मी एकटाच आहे."

"एकट्याला चार नळ्या? मला काय दूधखुळा समजता, आजोबा? नावं सांगा!"

नळ्या ज्यांच्या, त्यांची नावं म्हाताऱ्याने सांगितली, ती लिहून घेतली, माठ जप्त झाला. गर्दी जमवली म्हणून म्हाताऱ्याला ज्या कोठडीत कोंबलं, तिथे आधीच एकोणीस जण होते.

कोर्ट बंद, त्यामुळे तारखेवर तारीख पडत गेली. पहिल्या दिवशी म्हाताऱ्याने थयथयाट केला. पण आठवड्याभरात त्याला सोंगट्यांना जोडीदार मिळाला, भांडायला एक सायकलचोर मिळाला, आणि रोज सकाळी कुणीतरी "झोप लागली का?" असं विचारू लागलं. बायको गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी फोनवर सुनावणी लागली. न्यायाधीश बाई घरून बोलत होत्या, हवालदार गजांपाशी फोन धरून उभा होता.

"आरोपी दोन, नांदाला?"

"वारला, बाईसाहेब. दोन वर्षं झाली," हवालदार म्हणाला.

"तीन, खाउखा?"

"तोही वारलाय. समन्स घेऊन गेलो तेव्हा कळलं."

"चार, मुगिडे?"

"कंपालाला, मुलाकडे. म्हणाला, बोलावलं असतं तर आलोच असतो."

फोनमधून फाइल मिटल्याचा आवाज आला.

"म्हणजे हा माणूस खरंच एकटा होता," बाईसाहेब म्हणाल्या. "आणि एकटं असणं हा काही गुन्हा नाही. आजोबा, तुम्ही सुटलात. घरी जा."

कोठडीने टाळ्या वाजवल्या. म्हातारा मात्र जागचा हलेना. त्याने हवालदाराच्या हातासकट फोन तोंडाशी ओढला.

"चौघं होतो हो, बाईसाहेब," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "निदान पुढची तारीख तरी द्या."