उलटा फ्लेक्स

जोवेलिनने फ्लेक्स उलटा लावला तो केवळ उन्हापायी. भाड्याच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, आणि फिलिपिन्समधल्या सेबू शहराचं दुपारचं ऊन थेट तान्ह्या टिंटिनच्या पाळण्यात उतरायचं. आधीच्या भाडेकरूने मोरीपाशी एक गुंडाळी टाकून दिली होती: मागच्या निवडणुकीत आपटलेल्या कुठल्याशा नगरसेवकाचा फ्लेक्स, दातांसकट. बाहेरून खिडकीवर ठोकताना चेहरा खोलीत आला आणि पांढरी पाठ गल्लीकडे गेली. ते दात बघून टिंटिन आयुष्यात पहिल्यांदा खुदकन हसली. मग जोवेलिनला तो सुलटा करवेना.

नवरा रोडेल जहाजावर. कधीमधी रेंज मिळाली की फोनवर चेहरा दिसायचा.

"मागे कोण हसतोय गं?"

"फ्लेक्स आहे."

"मग सारखा माझ्याकडेच का बघतोय?"

एवढ्यात फोन कटला. त्याला पटलं की नाही, या काळजीत जोवेलिनचा आठवडा गेला. काळजीला तिच्याकडे तोटा नव्हता. टिंटिन झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, आणि जागी असली की झोपत का नाही म्हणून कपाळाला हात लावायची. सामार बेटावरच्या गावाहून इथे आल्यापासून तिच्याशी बोलणारं मोठं माणूस म्हणजे प्रचाराच्या गाडीवरचा भोंगा. "आपली डॉक्टर, आपली महापौर!" असं तो ओरडून गेला की खोली आधीपेक्षा जास्त गप्प व्हायची.

त्या गल्लीत एकही भिंत कोरी नव्हती. निम्म्या घरांवर डॉक्टर पुरीता, निम्म्यांवर वकील अबार्केस. अशात एका खिडकीवर लख्ख पांढरा फ्लेक्स! त्याचा अर्थ गल्लीने तासाभरात लावला: या घरचं अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनांग तेरिंग, म्हणजे गल्लीची तेरिंगताई, दारात उभी. डॉक्टरबाईंच्या प्रचाराची या गल्लीतली सगळी सूत्रं तिच्या हातात. दुसऱ्या हातात केळीच्या पानात गरम पुतो, तांदळाचा वाफवलेला गोड केक.

"विचार चाललाय म्हणे?"

"कसला?" जोवेलिन घाबरलीच.

"चालू दे, चालू दे. शिकलेली माणसं विचार करतातच. ही पोर आण इकडे, आणि तू आधी खाऊन घे. काय अवतार करून घेतलायस!"

तेरिंगने टिंटिनला मांडीवर घेतलं. जोवेलिनने बाळंतपणानंतर पहिल्यांदा कॉफी गरम असताना प्यायली. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, की मनांग, माझं नाव अजून सामारच्या गावातच आहे, इथे मला मतच नाही. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण पुतो तोंडात होता, टिंटिन झोपली होती, आणि तेरिंग "उद्या येते" म्हणत होती.

संध्याकाळी मनांग लुदी आली, वकीलसाहेबांची. सोबत सुक्या मासळीची पुडी.

"ती तेरिंग येऊन गेली ना? पुतो दिला असेल. घट्ट होता?"

"नाही, छान होता."

"छान?" लुदीचा चेहरा पडला. "बरं. उद्या मी पान्सितच्या शेवया आणते."

तेरिंग आणि लुदी एकमेकींच्या कुमारे. तेरिंगच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला लुदी धर्ममाता झाली होती. पण मागच्या निवडणुकीपासून दोघींत अबोला, चर्चमध्येही मधे चार माणसं बसवून बसायच्या. आता दोघींना जिंकायला एकच खिडकी उरली होती.

जोवेलिन हळूहळू या विद्येत तयार झाली. तेरिंगच्या खेपा कमी झाल्या की ती दारात उभी राहून कुणाला तरी ऐकू जाईल असं म्हणायची, "वकीलसाहेबांचं पाण्याचं बोलणं पटतं बाई." दुपारच्या आत तेरिंग हजर. लुदी सुस्तावली की डॉक्टरबाईंच्या दवाखान्यांचं कौतुक. रात्री मात्र तिला झोप लागेना. हे कळलं तर? एकदा खुद्द वकीलसाहेबच टिंटिनला उचलून फोटो काढायला आले. खरा, हलणारा उमेदवार बघून टिंटिनने असा टाहो फोडला की ते घाईने शेजारच्या कुत्र्यासोबत फोटो काढून गेले.

"पोर हुशार आहे," तेरिंग म्हणाली.

मतदानाच्या दिवशी दारात दोन ट्रायसिकल रिक्षा उभ्या. एकीत तेरिंग, दुसरीत लुदी.

"बस पोरी, ऊन वाढतंय."

"माझीत बस. हिच्या गाडीला छत तरी आहे का?"

"मी... माझी तब्येत..." जोवेलिन म्हणाली.

"मग तर गाडीतच चल!" दोघी एकदम म्हणाल्या. शेवटी जोवेलिन तेरिंगच्या गाडीत आणि टिंटिन लुदीच्या, अशी वरात शाळेत पोचली. पोर दुसऱ्या गाडीत म्हटल्यावर आईला उतरून पळताही येईना.

टेबलाशी बसलेल्या बाईंनी दोनदा शोधलं. "तुमचं नाव नाही इथे."

जोवेलिनने तोंड उघडलं, पण तेरिंगचं आधी उघडलं होतं. "नाव नाही? उडवलं! विचार करणाऱ्या बाईचं नाव उडवलं!"

"तुमच्याच माणसांनी उडवलं असेल!" लुदी कडाडली.

"आम्ही कशाला? ती आमचीच होती!"

"आमची होती!"

दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग तेरिंग म्हणाली, "कुमारे, आधी या टेबलवाल्यांना बघू." आणि इतकी वर्षं न बोललेल्या त्या दोघी हातात हात घालून टेबलावर चालून गेल्या. रांग ओरडायला लागली, कुणी रेडिओवाल्याला बोलावलं, त्याने माइक जोवेलिनच्या तोंडासमोर धरला.

"माझं मत सामारला आहे," ती माइकमध्ये म्हणाली.

रेडिओवाल्याने माइक खाली घेतला.

"पहिल्यापासून?" तेरिंगने विचारलं.

"पहिल्यापासून."

लुदीने टिंटिनला जोवेलिनच्या हातात दिलं, नीट, डोकं सांभाळून. आणि दोघी निघून गेल्या. ती चालत घरी आली.

मग कुणी आलं नाही. भोंगेही बंद झाले. दोन दिवस तिने दोघींपुरतं कॉफीचं पाणी उकळलं आणि ओतून दिलं. टिंटिन नगरसेवकाकडे बघून हसली की तीही त्याच्याकडे बघायची. हरलेला माणूस, तरी किती छान हसत होता.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तेरिंग. हात रिकामे.

"डॉक्टरबाई पडल्या. गल्लीत आज मला कुणी आत ये म्हणत नाही." ती खाली बसली, टिंटिनला मांडीवर ओढलं. "तुझ्याकडे मत नाही, म्हणजे तुला काही पटवायचं नाही. केवढं बरं वाटतंय, पोरी. कॉफी आहे?"

कॉफी उतू जाते न जाते तोच लुदी आली, विजयाच्या पंगतीतलं पान्सित घेऊन. तेरिंगला बघून थबकली.

"मी हिच्यासाठी नाही आले," ती जोवेलिनला म्हणाली. "तिकडे सगळे वकीलसाहेबांच्या मागे पळतायत. माझ्याशी बोलायला कुणी नाही. मोजे काढ त्या पोरीचे, कुमारे, उकडतंय तिला."

"गार पडतील पाय."

"काढ म्हणते ना!"

मोजे निघाले. पान्सित वाटलं गेलं. मग लुदीने घास गिळून, सहज म्हणावं तसं म्हटलं, "पुढच्या खेपेपर्यंत नाव इकडे करून घे बरं का."

"हो, घेच," तेरिंग म्हणाली. "पण मग मत कुणाला?"

दोघी खायच्या थांबल्या. जोवेलिनने खिडकीकडे पाहिलं, जिथून गल्लीला फक्त पांढरी पाठ दिसत होती.

"अजून काही ठरवलेलं नाही," ती म्हणाली, आणि दुसरं आधण ठेवलं.