व्यंकटभावजींचा राहिलेला पेपर

या, अशा जवळ सरका. उंबऱ्यात उभं राहून कुणी गोष्ट ऐकतं का? लातूरहून नांदेडला जाता, नांदेडहून लातूरला येता, मधे आमचं चाकूर लागतं. पण उतरायचं नाव नाही. खिडकीतून हात करायचा आणि निघून जायचं, ही कुठली रीत? एकदा जरी उतरला असता, तर आमचे व्यंकटभावजी तुम्हाला कधीच भेटले असते.

माझी कोंबडी एकदा भिंतीवरून उडून त्यांच्या अंगणात गेली आणि तिथं अंडं घालून आली. दुसऱ्या कुणी अंडं आणून दिलं असतं, नाहीतर गुपचूप तव्यावर फोडलं असतं. भावजींनी कागद लिहून पाठवला: 'आपली कोंबडी आज सकाळी आमच्या हद्दीत विनापरवाना शिरली. या घटनेचा आम्ही तीव्र निषेध नोंदवतो.' मी पदर खोचून भांडायला गेले, तर हे अंडं हातात धरून उभे.

"वैनी, ह्याचं नागरिकत्व ठरवावं लागंल."

"आँ?"

"जन्म आमच्या मातीत झाला, पण आई तुमची. काही देश माती बघतात, काही देश रक्त बघतात. लई नाजूक मामला हाय."

"भावजी, अंडं द्या मुकाट. तिकडं माझी भाकर करपायली."

दिलं नाही. दोन देशांच्या मधे, म्हणजे भिंतीवर, वाटीत ठेवलं. तीन दिवस चर्चा चालली आणि चौथ्या दिवशी वास सुटला. "बघा," भावजी नाकाला रुमाल लावून म्हणाले, "वाटाघाटी लांबल्या की असं होतं."

हा माणूस मूळचा यष्टीचा कंडक्टर. तीस वर्षं लातूर-नांदेड गाडीवर काढली. अजूनही बोलताना गाडीतच असतात. कुणाचं बोलणं थांबवायचं असलं की "सिंगल बेल!" म्हणतात, आणि विषय मिटला, चला पुढं, असं सांगायचं असलं की "डबल बेल!" तिकिटांची जुनी चामडी पिशवी अजून खांद्याला असते. फक्त आता तिच्यात पुस्तकं असतात. कारण पेन्शनीत निघाल्यावर भावजी वकिलीच्या कॉलेजात जाऊन बसले. नांदेडला. पोरं पहिल्या दिवशी त्यांना मास्तर समजून उठून उभी राहिली म्हणे.

आता हे का केलं, ते ऐका. भावजींचा धाकटा भाऊ ग्यानबा. दोघांची शेतं शेजारी, मधे एक बांध, बांधावर एक मोठी चिंच. सावलीनं हरभरा वाढत नाही म्हणून ग्यानबानं एका उन्हाळ्यात आपल्या बाजूची फांदी तोडली. त्याच फांदीला ह्या दोघांचा लहानपणीचा झोका होता. झालं. भावजी मारुतीच्या पारावर उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर बोलले, "मी सोता वकील होईन आन् काळा कोट घालून पहिली केस ह्याच्यावर टाकीन!" ग्यानबा म्हणाला, "टाक की. तोवर माझं तोंड बघू नकोस." तेव्हापासून अकरा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

घरबसल्या टपालानं बी.ए. केलं, मग कॉलेज धरलं. भराभरा सगळे पेपर सुटले. एकच अडकला, तो आंतरराष्ट्रीय कायद्याचा. आणि नेमका त्याच विषयाचा भावजींना नाद लागला!

"वैनी, ह्या कायद्याला पोलीसच न्हाईत," ते मला पहिल्यांदा सांगायला आले तेव्हा डोळे असे मोठे झालेले. "एक फौजदार न्हाई. तरी एवढाले देश ऐकतात. का, तर शब्द दिलेला असतो. करार म्हंजे करार!"

मग गल्लीचं जग झालं. मेव्हणा मुक्कामाला आला की तो राजदूत. त्यानं अख्खी लोणच्याची बरणी संपवली तरी सरूबाईंनी, म्हणजे त्यांच्या मालकिणीनं, ब्र काढायचा नाही. "राजदूताला हात लावता येत न्हाई." सरूबाई म्हणाल्या, "हात कशाला लावू? बरणी लपवते." नळाला पाणी आलं की भावजी वरच्या अंगाच्या लोकांना सुनवायचे, "नदी वरच्या देशाच्या बापाची नसते." लोक हसायचे, पण मोटर बंद करायचे, हेही खरं.

पाठांतराला मात्र मी. चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण वही धरून बसायचं आणि चुकलं की टोकायचं, एवढं जमतं मला. रोज दुपारी मी शेंगा निवडायची, मांडीवर त्यांची वही, आणि समोर भावजी हात मागं बांधून घडाघडा म्हणून दाखवायचे. काना-मात्रा चुकत नव्हती. त्यामुळं मला कोडं पडायचं, की हा माणूस चार वेळा त्याच विषयात नापास होतो कसा?

गल्लीला मात्र बरंच वाटायचं. पास झाले की कोट, कोट आला की केस! खुद्द सरूबाईंनी मारुतीला नारळ बोलला होता: "देवा, ह्यांना एवढा एक पेपर सुटू देऊ नको."

मागच्या हिवाळ्यात मी डोळे दाखवायला नांदेडला गेले होते. त्याच दिवशी भावजींचा पाचव्यांदा पेपर. दवाखान्यातून परत यष्टी स्टँडवर आले, तर बाकड्यावर कोण? चामडी पिशवी मांडीवर घेऊन भावजी बसलेले. घड्याळात बघितलं. पेपर सुरू होऊन तास झाला होता.

"भावजी! गाडी चुकली का ओ?"

दचकले. मग सरकून जागा दिली.

"चारी बारीला हितंच बसलो व्हतो, वैनी."

"आन् पेपर?"

"बसलो तर सुटंल की ओ. सगळं येतं मला. हात ऱ्हाणार न्हाई, लिहून जाईल." खिशातलं हॉलतिकीट काढलं, त्याची घडी घातली, परत मोडली. "सुटला की कोट आला. गावासमोर शब्द दिलाय, पहिली केस ग्यानबावर. शब्द मोडता येत न्हाई. आन् त्याला कोर्टात उभा करून त्याच्याकडं बघू कसा, सांगा तुम्ही. झोक्यावर मीच बसवायचो त्याला."

अकरा वर्षं हा गडी भावाशी भांडायला शिकत होता, आणि शिकून झाल्यावर हितं येऊन लपून बसत होता.

पण मांडीवर वही काय उगीच धरली होती मी?

"भावजी, परिस्थिती मुळातनं बदलली तर करारातनं सुटता येतं. तुम्हीच म्हणून दाखवलंय. निळ्या वहीत, मधल्या पानावर."

"येतं," ते सावध झाले. "पण बारीक अटी हायत त्याला. काय बदललं?"

"चिंच कुठाय? वळवाच्या वादळात मुळासकट पडली की ओ. ज्या झाडावरनं शब्द दिला, ते झाडच न्हाई."

भावजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं फुकट्या प्रवाशाच्या खिशातून अचानक पास निघावा. मग चाकूरच्या गाडीत बसल्या बसल्या निळी वही काढून मधलं पान उघडलं.

महिन्याभरात येळवस आली. आमच्याकडं येळ अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, पूजा करायची, आणि भज्जी, उंडे, आंबील घेऊन पंगत मांडायची. आणि बांधावर जो दिसेल त्याला जेवायला हाक मारायची. पाहुणा असो, परका असो, वैरी असो. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. अकरा वर्षं भावजी भल्या सकाळी पूजा उरकून घरी पळायचे, ते ह्याच्याच भीतीनं. या खेपेला ते दुपारपर्यंत थांबले.

पलीकडं ग्यानबा बांधावर आला. चिंचेच्या जागी नुसता खड्डा. भावजी उठले, खड्ड्याच्या अलीकडं जाऊन उभे राहिले. तीस वर्षं "अहमदपूर, लोहा, नांदेड" म्हणून स्टँड दणाणून सोडणारा हा माणूस पायानं ढेकळं खड्ड्यात लोटत राहिला. सरूबाईंच्या हातातली पळी थांबली. मीही उंडा तसाच धरून बसले.

शेवटी भावजी कुणाकडंच न बघता, आभाळाला सांगावं तसं बोलले, "पुढं सरका, पुढं सरका. मधे लई जागा हाय."

ग्यानबानं खाली वाकून आपलं आंबिलाचं मडकं उचललं.

"तिकीट हाफ बसतंय का फुल?"

"तुला हाफच," भावजी म्हणाले. "धाकटा हायस."

आता उन्हाळ्यात पेपर आहे. रोज दुपारी निळी वही माझ्या मांडीवर असते, आणि बाजूला ग्यानबा शेंगा फोडत, फोडल्यातल्या अर्ध्या खात बसलेला असतो. सरूबाईंनी मारुतीची माफी मागून नारळ उलटा बोललाय. खड्ड्यात चिंचेचं नवं रोप लावलंय. त्याचं नागरिकत्व अजून ठरायचंय.

तर आता नुसते हात करून जाऊ नका. येळवसीला चाकूरला उतरा, लवकर या. ओळख नाही, आमंत्रण नाही म्हणून लाजू नका. नुसतं आमच्या बांधावर येऊन उभं राहा. हाक मारावीच लागते आम्हाला.