रोल नंबरप्रमाणे इंग्रजी

राजलक्ष्मी मॅडमची नोकरी कायम व्हायची की जायची, हे बुधवारच्या तपासणीवर ठरणार होतं. विद्यापीठ इंग्रजी माध्यमाचं, मुलं हिंदी बोलणारी आणि मॅडम अर्थशास्त्र शिकवत हिंदीत. मागणी आणि किंमत त्यांनी मुलांना जणू नई सडकेवरच्या गजकच्या, म्हणजे तीळगुळाच्या वड्यांच्या, दुकानासमोर उभं करून समजावली होती. बी.ए.च्या अठरा मुलांना ती समजली, हाच काय तो त्यांचा गुन्हा.

“मॅडम, तुम्ही फिकर नका करू,” अपूर्व म्हणाला. वर्गात मराठी येणारा तो एकटाच. “सगळं सेट केलंय. रोल नंबरनं एकेकाला एकेक इंग्रजी उत्तर पाठ करायला दिलंय.”

“अरे, पण साहेब त्याच क्रमानं विचारतील कशावरून?”

“सगळे सर हाजिरीच्याच क्रमानं तर विचारतात.”

बुधवारी तपासनीस साहेब आले आणि थेट शेवटच्या बाकाकडे वळले. “व्हॉट इज डिमांड?”

तरुणचा नंबर अठरावा. त्याच्या वाट्याला आभारप्रदर्शन आलं होतं. तो उठला. “थँक यू सर. युवर व्हिजिट हॅज इन्स्पायर्ड अस.”

साहेब गोंधळले. “व्हाय आर यू थँकिंग मी?”

शेजारची शिखा सतरावी. “बिकॉज सॉल्ट इज अ नेसेसिटी, सर.”

“आर यू ऑल राइट?” साहेबांनी पुढच्या हर्षिताला विचारलं.

“ओन्ली इन द लाँग रन, सर.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. तेव्हा अपूर्व उभा राहिला. “सर, अंग्रेजी रटी हुई है. सब्जेक्ट सबको आता है. हिंदी में पूछ लीजिए.”

साहेबांनी विचारलं आणि वर्ग तुटून पडला. गजक महागली तर लोक रेवडीकडे का वळतात, मीठ महागलं तरी का घेतात, हे मुलांनी इतकं सांगितलं की साहेबांनाच पुरे म्हणावं लागलं. शेवटी तरुणनं हात जोडले. “सर, मैडम को मत निकालिए. आप कहें तो हम हिंदी में समझना बंद कर देंगे.”

संध्याकाळी विभागप्रमुखांनी साहेबांचा शेरा वाचून दाखवला: विषय उत्तम समजला आहे, बाईंना कायम करावं. मुलांचं इंग्रजी फार कच्चं आहे, तेही बाईंनीच शिकवावं. हिंदीतून.

दुसऱ्या दिवशी मॅडम आभार मानायला वर्गात उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे सुरुवात इंग्रजीत केली, मग हिंदीवर आल्या, आणि शेवटी घरातली मराठीच तोंडातून बाहेर पडली. “पोरांनो, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.”

अपूर्व सोडून कुणाला काही कळलं नाही. हर्षितानं हळूच वही उघडली.

“मैडम, ये परीक्षा में आएगा क्या?”