उजव्या पायाचं लंगडणं

पाय बरा झाला आणि आकाराम कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माणूसघाणा ठरला.

आधी बिडीपायी त्याच्या डाव्या पायाच्या रक्तवाहिन्या आतून सुजून बुजल्या होत्या. थोडं चाललं की पोटरीत गोळा यायचा. भर रस्त्यात उभं राहायची लाज, म्हणून तो समोरच्या दारात थांबून "काय, बरं हाय न्हवं?" अशी चौकशी करायचा. गोळा उतरला की पुढं. सगळ्यात मोठा मुक्काम चिमणाबाईंच्या दारात. त्यांचा मुलगा पुण्याला, मालक भिंतीवर फोटोत. आकाराम दिसला की बाई खुर्ची बाहेर टाकायच्या, चहा ठेवायच्या.

मग डॉक्टरांनी बारीक नळीतून फुगा सरकवून रक्तवाट मोकळी केली. बिडी सुटली. सलग चालता येतंय या आनंदात गडी दुकानातून तडक घरी जाऊ लागला. एका संध्याकाळी मागून चिमणाबाईंची हाक आली, "बरा झाला व्हय रं पाय? देव पावला. मीच येडी, अजून दोन कप ठेवत्या."

आकारामला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारापाशी येताच तो लंगडू लागला.

"आक्का, परत दुखाय लागलंय बघा."

खुर्ची आली, चहा आला. मग रोजच.

पण पेठेत लंगडणं लपतंय कुठं? शेजारणीनं त्याच्या बायकोला, वर्षाराणीला गाठलं, "तुझा मालक उजवा पाय ओढतोय की गं!" एका पायासाठी तिनं अंबाबाईची ओटी भरली होती. आता दुसराही गेला म्हणून तिचं धाबं दणाणलं.

"बिडी वडली न्हवं? खरं सांगा!"

"आईशप्पत न्हाय!"

"मग लंगडताय कशापायी?"

खरं सांगावं तर चिमणाबाईंच्या कानावर जाणार. "जरा दुखतंय," तो पुटपुटला. झालं! खिसे उलटे झाले, शर्ट हुंगला गेला आणि रिक्षा थेट दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी दोन्ही पाय तपासले, मशिन फिरवली.

"रक्त झकास वाहतंय. दुखतंय तरी कुठं?"

वर्षाराणी पदरानं डोळे पुसत होती. ते बघून आकारामनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर हसू लागले. ती मात्र रागानं रिक्षात जाऊन बसली. चिमणाबाईंच्या दारात तिनं रिक्षा थांबवली.

"आक्का, ह्यो मानूस तुमच्याशी खोटं वागला. पाय धडधाकट हाय ह्येचा."

"म्हाईत हाय की," चिमणाबाई म्हणाल्या. "दुखनं डाव्याचं आन लंगडनं उजव्याचं. पयल्याच दिशी कळलं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोलली असती तर आला असता व्हय?"

वर्षाराणीचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं म्हातारीचा हात धरला आणि सोडेचना. चिमणाबाईंनी नेहमीची खुर्ची बाहेर टाकली. आकाराम सवयीनं पुढं झाला.

"तू हुबा ऱ्हा," त्या म्हणाल्या. "तुझा पाय बरा हाय. तिला बसू दे."

आणि त्या तीन कप चहा ठेवायला आत गेल्या.