नवशिका असल्याचा पुरावा

एका मंगळवारी सकाळी पावणेनऊ वाजता एक निवृत्त तिकीट तपासनीस आपल्या सात वर्षांच्या नातीची नखं रंगवण्यात सपशेल अपयशी ठरले. लाल रंग नखांवर कमी आणि बोटांच्या पेरांवर जास्त लागला. त्याच सुमारास स्वयंपाकघरातून जळका वास आला. ओव्हनमधून जो केक बाहेर निघाला, तो वरून वीट होता आणि आतून चिखल. नातीने आधी बोटं पाहिली, मग केक पाहिला.

"आजोबा," ती म्हणाली, "मी वर्गात सांगून बसलेय."

प्रकरण गंभीर होतं. तपासनिसांची लेक नर्स होती आणि तिला तीन महिन्यांसाठी दुसऱ्या गावच्या इस्पितळात पाठवलं होतं. नेमका तेव्हाच शाळेने 'माझ्या घरचे हात' नावाचा कार्यक्रम काढला. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येक मुलाने घरच्या माणसाने घरी केलेली वस्तू आणायची होती. "तुझी आई तर इथे नाहीच," शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली. त्यावर नातीने ठोकून दिलं होतं की तिचे आजोबा केक करणार आहेत, शिवाय तिच्या लाल नखांवर काळे ठिपकेही काढणार आहेत. सगळा वर्ग हसला होता.

शेजारच्या वहिनींनी हे भिंतीपलीकडून ऐकलं आणि दारात येऊन म्हणाल्या, "एवढंच ना? या काका, अर्ध्या तासात दाखवते."

"आपल्याकडे शिकवण्याचा परवाना आहे?" तपासनिसांनी विचारलं. त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. नोकरीच्या चौतीस वर्षांत माणसाशी बोलणं सुरू करण्याची त्यांची ती एकच रीत झाली होती. वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

तपासनीस रीतसर मार्गाने निघाले. नागरी कौशल्य कार्यालयाच्या फलकावर सूचना होती: 'सोपे घरगुती बेकिंग व स्वहस्ते नखसजावट. एकत्रित वर्ग. फक्त नवशिक्यांसाठी.' हे दोन विषय एकत्र का, असं त्यांनी खिडकीतल्या बाईंना विचारलं.

"दोन्हीत ब्रश लागतो," बाई म्हणाल्या. "एकात टिनला लोणी लावायला, एकात नखाला रंग लावायला. दोन विषय ठेवले तर ब्रशच्या दोन फायली होतात."

तपासनिसांना हे पटलं. त्यांनी अर्ज भरला. बाईंनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"नवशिके असल्याचा पुरावा?"

"मला काहीच येत नाही, हाच पुरावा."

"असं सगळेच म्हणतात. मागच्या वर्षी एक बाई सहा वर्षं केक करत होत्या, तरी नवशिक्या म्हणून बसल्या. सगळ्या वर्गाचं मन खचलं. तेव्हापासून आम्ही पडताळणी करतो. तुम्ही इथे आमच्यासमोर एक केक करायचा आणि एक नख रंगवायचं. दोन्ही बिघडलं, की प्रवेश पक्का."

दुसरा कुणी असता तर वैतागला असता. तपासनीस मात्र भारावून गेले. आयुष्यभर त्यांनी लोकांकडे पुरावा मागितला होता, त्यांच्याकडे तो कुणी कधी मागितला नव्हता. इथे कामाची माणसं आहेत, असं त्यांना वाटलं.

पडताळणी शुक्रवारी झाली. परीक्षक म्हणून एक सडपातळ गृहस्थ होते, आणि त्यांच्यापुढच्या तक्त्यात नापासाच्या तीन श्रेणी छापल्या होत्या: साधा नवशिका, निव्वळ नवशिका आणि इतरांना अपायकारक. तपासनिसांनी मनात दुसरी श्रेणी धरली होती. पण कार्यालयाने भिंतीवर कृती चिकटवलेली होती आणि तपासनीस लेखी सूचनेबाहेर जाणारे नव्हते. दोन कप मैदा म्हटल्यावर त्यांनी सुरीने वरचा ढीग सपाट करून दोन कपच घेतला. मिश्रण एकाच दिशेने हलवा म्हटल्यावर एकाच दिशेने हलवलं. ओव्हन मध्येच उघडू नका असं लिहिलं होतं, म्हणून समोर खुर्ची टाकून हात मांडीवर ठेवून बसले.

केक फुगला.

परीक्षकांनी त्यात सुरी खुपसली. सुरी स्वच्छ बाहेर आली. त्यांनी पुन्हा दुसरीकडे खुपसली. तीही स्वच्छ.

"तुम्हाला येतं की हो," ते दुखावल्यासारखे म्हणाले.

"देवाशपथ येत नाही, साहेब. घरी वीट झाली होती."

"ती वीट आणलीय का सोबत?"

वीट आणली नव्हती. ती इमारतीच्या वॉचमनने फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकूला लावली होती.

नखाची पडताळणी अजून बाकी होती. खाद्यपदार्थाच्या खोलीत हातमोजे काढायला मनाई होती आणि नखसजावटीची खोली गोदामाला दिलेली होती. सबब नख हातमोज्यावरच रंगवायचं होतं. उमेदवारांची गैरसोय होऊ नये म्हणून कार्यालयाने मोज्याच्या बोटांवर पेनाने नखं आखून दिली होती. आखलेल्या रेषेच्या आत राहायला तपासनिसांना कसलीच अडचण आली नाही.

संध्याकाळी निकाल हातात पडला: 'अर्जदारास दोन्ही विषय अवगत असल्याचे निदर्शनास आल्याने नवशिक्यांच्या वर्गातील प्रवेश नाकारण्यात येत आहे. अर्जदाराने अनुभवींच्या वर्गाकडे अर्ज करावा.' अनुभवींच्या वर्गाची खिडकी शेजारीच होती. तिथे बसायला नवशिक्यांचा वर्ग पूर्ण केल्याचा दाखला लागत होता.

"मग मी कोण?" तपासनिसांनी विचारलं.

"तुम्ही फेरपडताळणीला पात्र आहात," बाई म्हणाल्या. "शेवटच्या गुरुवारी या. आणि काका, या खेपेला जरा मनापासून चुका."

घरी नातीने सगळं ऐकून घेतलं आणि लगेच उपाय सांगितला. "साखरेऐवजी मीठ घाला."

"ती लबाडी झाली. मुद्दाम चुकणं म्हणजे खोटा पुरावा तयार करणं. माणसाने प्रामाणिकपणे चुकावं."

"मग प्रामाणिकपणे चुकायचा सराव करा."

असा सराव सुरू झाला. दुपारी शाळा सुटली की आजोबा आणि नात स्वयंपाकघरात शिरायचे. आजोबा कार्यालयातली कृती समोर न ठेवता आठवणीने केक करायचे, कुठेतरी आपसूक चूक होईल या आशेने. पहिल्या दिवशी केक एका बाजूला कलला. दोघांना फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तो मधोमध बसला. तिसऱ्या दिवशी काहीच झालं नाही, नुसता चांगला झाला. नखांचंही तेच. आजोबांचा ब्रश सुरुवातीला नखाबाहेर घसरायचा. मग नातीने त्यांना कोपर टेबलावर टेकवायला सांगितलं, रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत दोघं पाढे म्हणायला लागले, आणि ठिपक्यासाठी आजोबांनी लेकीच्या कप्प्यातली हेअरपिन शोधून काढली. पिनेचं गोल टोक काळ्या रंगात बुडवून नखावर नुसतं टेकवलं की वाटोळा ठिपका उमटे.

"आजोबा, तुम्ही बिघडवत नाही आहात," नात काळजीने म्हणायची.

"प्रयत्न करतोय गं."

कधी कधी ती त्यांच्या मांडीवर हात पसरून बसायची आणि आईला फोनवर सांगायची, "आई, आजोबांचं अजून चुकत नाहीये." पलीकडून लेक काहीतरी विचारायची आणि मग बराच वेळ नुसती हसत राहायची. तपासनीस फोनकडे न बघता करंगळीवर ठिपका टेकवायचे. इतक्या वर्षांत घरात कुणी आपल्यामुळे हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

नवव्या दिवशी वॉचमनने केकचा तिसरा तुकडा मागितला, तेव्हा तपासनिसांनी गुरुवारला किती दिवस उरले ते कॅलेंडरवर मोजलं.

गुरुवारी व्हायचं तेच झालं. केक इतका हलका झाला की परीक्षकांनी तक्ता मिटून ठेवला. मोज्यावर तपासनिसांनी सवयीने पाच ठिपकेही काढले. या वेळच्या निकालात एक ओळ जास्त होती: 'अर्जदाराने नवशिका असल्याची बतावणी दोन वेळा केल्याची नोंद घेण्यात आली आहे.'

चौतीस वर्षांत ज्यांच्या नावावर एक शेरा नव्हता, त्या माणसाचा चेहरा घरी पोचेपर्यंत उतरला होता. नातीने कागद अक्षर अक्षर लावून वाचला.

"म्हणजे तुम्हाला येतं असं लिहिलंय ना?"

"तसं म्हणता येईल."

"सही आहे?"

"सही आहे. शिक्काही आहे."

"मग शनिवारी करा की!"

शनिवारी शाळेच्या सभागृहात लांबच लांब टेबल मांडलं होतं. तपासनीस केक घेऊन उभे राहिले. शेजारी नात, दहाही नखं लाल, त्यावर काळे ठिपके, हात कुणालाही दिसतील असे पोटावर ठेवलेले. टेबलावर आधीच एकवीस केक होते. सगळे पांढऱ्या खोक्यांत, आणि प्रत्येक खोक्यावर सोनेरी गोल लेबल: 'खास घरगुती चव'. चौदा केकवर एकाच हाताने काढलेलं एकच गुलाबाचं फूल होतं.

स्वागताला उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका ताटलीतल्या उघड्या केककडे बघून थबकल्या. "हा कुठला म्हणायचा?"

"घरी केलाय," तपासनीस म्हणाले.

"हो, घरीच करायचा होता. पण त्यावर तसं कुठे लिहिलंय?" त्यांनी आवाज खाली आणला. "माझा विश्वास आहे हो. पण बाकीच्या पालकांनी विचारलं तर? यांचं सगळं लेबल लावलेलं आहे. लहान मुलं खाणार." आणि त्यांनी केक अतिशय अदबीने उचलून खिडकीजवळच्या वेगळ्या टेबलावर नेला. त्याच्यापुढे चिठ्ठी ठेवली: 'खात्री व्हायची आहे'.

पाऊण तास तो केक तिथे एकटा होता. पालक येत, वाकून बघत, "किती छान, अगदी घरी केल्यासारखा दिसतो," म्हणत आणि सुरक्षित टेबलाकडे परत जात. शेजारच्या बाकावरची मुलगी आली, तिने नातीची नखं बघितली आणि म्हणाली, "पार्लरचं नाव काय?" नातीचा खालचा ओठ पुढे आला. तपासनिसांनी खिशातून दोन्ही निकाल काढले, शिक्के वर येतील असे धरले आणि वर्गशिक्षिकांकडे जायला वळले.

तेवढ्यात नात टेबलाखाली वाकली. एका रिकाम्या खोक्यावरचं सोनेरी लेबल तिने दोन लाल नखांनी अलगद सोललं, आजोबांच्या ताटलीच्या काठावर चिकटवलं आणि ती चिठ्ठी चुरगाळून मुठीत धरली.

तपासनिसांनी ते स्वच्छ पाहिलं. बनावट कागद त्यांना वीस पावलांवरून ओळखू येत असे. त्यांचा उजवा हात आपोआप उठला. मग तो नातीच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

चार मिनिटांत केक संपला. टाय लावलेले एक गृहस्थ ताटलीतला चुरा बोटाने टिपत म्हणाले, "बघा, याला म्हणतात घरगुती! त्या दुसऱ्या टेबलावरचे कितीही म्हटलं तरी दुकानातले वाटतात." एका आईने ताटलीचा आणि नातीच्या बोटांचा फोटो काढला. "कुठून आणलात?"

"घरी केला," तपासनीस म्हणाले.

"हो हो, ते वाचलं मी. पण कुठून आणलात?"

तपासनिसांनी पुन्हा तेच सांगितलं. फोटो काढणाऱ्या बाईंना राग आला. चांगल्या दुकानाचा पत्ता लोक स्वतःपाशीच ठेवतात, असं त्या नवऱ्याला पुरेशा मोठ्याने म्हणाल्या. नात खो-खो हसत सुटली आणि तपासनीसही, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, सभागृहात भर गर्दीत हसले.

ही गोष्टही घरीच केलेली आहे, बाहेरून आणलेली नाही. तुम्ही ती इथवर वाचलीत ती चवीसाठी, की छापलेली दिसली म्हणून, एवढं फक्त एकदा तपासून पाहा.