नामाकाकांची हळद

लॉकडाऊनात लग्नं बंद होती, तरी आमच्या साजगावात एका माणसाला रोज हळद लागत होती. ते म्हणजे माझे शेजारी, नामाकाका. वय पासष्टच्या पुढे.

काकांनी जन्मभर कारखान्यात माल तपासला. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. भाजीवालीच्या भेंडीपासून पुतण्याला सांगून आलेल्या मुलींपर्यंत सगळ्यांना एकच शेरा, "पास नाय!"

त्या उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यात डॉक्टर-नर्सना पीपीई किटं मिळेनात. म्हणून आम्ही बायकांनी शाळेत मशिनं मांडली आणि फुकट किटं शिवायला घेतली. काका न बोलावता आले आणि तपासायला बसले. त्यांची लेक सुमन त्याच दवाखान्यात नर्स होती, कोरोनाच्या वॉर्डात. घरी येत नव्हती. काका तिचं नावसुद्धा काढत नसत. आम्ही मागून म्हणायचो, माणूस आहे की दगड!

तपासायची रीतही त्यांचीच. प्रत्येकीच्या गठ्ठ्यातलं एक किट पांढऱ्या सदऱ्यावर चढवायचं, पटांगणात पाटावर बसायचं आणि आमच्यातल्या रझियाभाभीने वरून हळदीचं पाणी ओतायचं. आत सदऱ्यावर पिवळा ठिपका दिसला, की अख्खा गठ्ठा परत.

"काका, नवरी कुठं हाय?" भाभी विचारायची.

"आधी शिवण दाव. नवरीचं मागनं बघू."

एकदा दवाखान्यातून फोन आला. किटं संपली, पोरी रेनकोट घालून आत जातायत. टेंपो दारात उभा होता आणि तयार होता तो माझा एकच गठ्ठा. त्यातल्या किटाला नेमका काखेत ठिपका निघाला.

"पास नाय."

माझं डोकंच फिरलं. "एवढ्याशा ठिपक्यासाठी अडवता? रेनकोटपेक्षा तरी बरं ना? अहो, तिकडे तुमचीच पोरगी आहे!"

काका पाटावरून उठलेच नाहीत. सदऱ्याचा तो ठिपका अंगठ्याने चोळत राहिले.

"नापास म्हनायला मला भ्या नाय वाटत गं," ते म्हणाले. "पास म्हनायला वाटतं. यातलं कुठलं सुमीच्या अंगावर जाईल, मला काय म्हाईत? टेंपो गेला की मला घास जात नाय."

शिवणीतून पाणी झिरपू नये म्हणून वरून लावायच्या टेपचं रीळ मी काकांच्या हातातून घेतलं आणि टेंपोवाल्याला म्हटलं, "दादा, जरा थांब."