चौकीदाराची नऊ मिनिटं

परीक्षण एकदम भारी झालंय, याबद्दल शमिकाला तिळमात्र शंका नव्हती. शाळेत भाषणाला पहिला नंबर आल्यापासून या दहावीतल्या मुलीला जगातल्या सगळ्याच गोष्टींवर मत होतं. या आठवड्यात टीव्हीवरच्या एका गुन्हेगारी मालिकेचा भाग तिच्या तावडीत सापडला. भाग कसला, नुसती बडबड! तिने तो मोबाइलवर दुप्पट वेगाने बघितला, शेवटची दहा मिनिटं सोडून दिली आणि दोन पानं भरून झोडपून काढला.

अवधपुरी कॉलनीतल्या त्यांच्या मराठी मंडळात दर रविवारी मुलांचं लिखाण वाचून दाखवायची पद्धत होती. वाचायचे सुधाकरकाका. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यातून रिटायर झालेले, मंडळाच्या प्रत्येक नाटकात हटकून असलेले. कागद आधी बघायचा नाही, हा त्यांचा नियम. "आधी वाचलं की मजा जाते यार," म्हणायचे.

काकांनी पहिलं पान सुरू केलं. लोक हसायला लागले. शमिका फुलून बसली होती. तेवढ्यात शेजारी बसलेल्या काकांच्या बायकोनं, वैजयंतीकाकूंनी, मांडीवरच्या डब्याचं झाकण किलकिलं केलं. आत पेढे.

"कसले हो काकू?"

"श्श! वाचून झालं की हे सांगणारेत. त्या भागात दाढीवाला चौकीदार आहे ना, तो म्हणजे आमचे हेच! शूटिंग इथंच झालं. तीन महिने पोटात ठेवलंय बघ."

शमिकाला तो चौकीदार आठवला. दाढी, माकडटोपी, खोकत खोकत बोललेली बुंदेली बोली... आणि तो चौकीदार दुसऱ्या पानावर वाट बघत होता.

ती ताडकन उठली. "काका, पाणी आणू?"

"नको बेटा."

"काका, पुढचं पान चुकलंय. मी वाचू?"

"बस गं, आता कुठे रंग चढतोय!" म्हणत काकांनी पान उलटलं.

"'या भागातला चौकीदार सलग अकरा मिनिटं बोलतो,'" काका खणखणीत आवाजात वाचत होते. "'पोलिसांनी खुन्याला सोडून आधी यालाच अटक करायला हवी होती. पूर्ण भागात उत्तम काम एकानंच केलंय. प्रेतानं. कारण ते गप्प...'"

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी ते वाक्य पूर्ण केलं, अगदी योग्य जागी जोर देऊन. हॉलमध्ये टाळ्याच टाळ्या. काकूंनी झाकण दाबून बसवलं.

"काकू, डब्यात काय आणलंय?" मागून मिलिंदकाकांनी विचारलं.

"काही नाही हो. रिकामाच आहे."

काकांनी कुणाला काही सांगितलं नाही. दारात शमिकाला म्हणाले, "छान लिहितेस. फक्त अकरा नाही गं, नऊ मिनिटं. शेवट बघितलास ना?"

"हो," शमिका म्हणाली.

घरी जाऊन तिने शेवट बघितला, साध्या वेगाने. ती बडबड ऐकत चौकीदाराच्या समोर बसलेला माणूसच खुनी निघाला. पोलिसांची जीप येईपर्यंत तो हलू नये, म्हणून म्हातारा बोलत होता. खोकत, घाबरत, सुचेल ते. तिचे डोळे भरून आले. तिने भाग पुन्हा लावला, मग आणखी एकदा, आणि वही उघडली.

पुढच्या रविवारी काकांनी तिचा कागद घेतला आणि पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडला. आधी सगळा मनात वाचला. चष्मा पुसला.

"हे शमिकालाच वाचू दे. यात त्या चौकीदाराची फारच तारीफ आहे, माझ्या तोंडी बरी दिसणार नाही."

"का बरं?" मिलिंदकाका म्हणाले.

मग काय, सगळं बाहेर आलं. एकच गलका! "अहो, तुम्ही? क्या बात है! काकू, पेढे कुठायत?"

"पेढे होते, गेल्या रविवारी," काकू म्हणाल्या. शमिकाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "यांनी अख्खा डबा कॉलनीच्या गेटवरच्या चौकीदाराला देऊन टाकला. म्हणाले, भाग शेवटपर्यंत बघितलेला तेवढा एकच माणूस आहे."